पहिला ट्रे नणंदेला

कचरूला यात काय मिळणार होतं ते सरळ होतं: भर उन्हाळ्यात दोन म्हशींना हिरवा चारा, तोही मका विकत न घेता. मिथुनला काय मिळणार होतं ते कोणी सांगत नव्हतं, आणि कचरूच्या बायकोचं, पुष्पाबाईचं, तिथंच अडलं होतं.

मिथुन म्हणजे कचरूच्या बहिणीचा, दैवशालाचा नवरा. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या मालाला त्याचा टेम्पो. सासुरवाडीहून निघताना पाण्याची बाटलीसुद्धा भरून नेणारा हा माणूस कचरूच्या गावी, वडीगोद्रीपर्यंत फुकट मक्याची पोती आणून टाकत होता. मका भिजवायचा, गोणपाटात मोड आणायचे, ट्रेत पसरून पाणी मारत राहायचं. आठवड्यात मुळांसकट गादीसारखा चारा. असं पुष्कळांनी केलेलं. खोट असलीच तर मक्यात.

"दाजी, मका गुलाबी कशामुळं हाय?"

"रंग हाय वहिनी. धुतला की गेला."

"मंग कंपनी विकंना का?"

"जुनं बी. बराबर उगवत न्हाई म्हणे."

"अन आपल्याकडं बरं उगवून राह्यलंय?"

"तुझ्या हाताला गुण हाय," म्हणून मिथुन हसला.

पुष्पाबाईनं नवऱ्याला कोपऱ्यातली पोती दाखवली. "आपल्या घरातला उंदीर साबण सोडत न्हाई. ह्याला तोंड लावलं न्हाई त्यानं."

"उंदराचं ऐकून दाजीला न्हाई म्हणू? तिकडं दैवशालाला ऐकून घ्यावं लागल."

हे मात्र खरं होतं. तेव्हा पुष्पाबाईनं दुसरी वाट धरली. त्या घरात नवं काही आलं की पहिला वाटा नणंदेचा: हुरडा, खरवस, सगळं. पहिला ट्रे तयार झाला त्या दिवशी मिथुन आणखी पोती घेऊन आला होता, सोबत दैवशालाही होती. निघताना पुष्पाबाईनं ट्रे टेम्पोजवळ नेला.

"पहिला तुमचा. शेळीला घाला."

तिची नजर मिथुनच्या तोंडावर होती. तो नको म्हणेल, का म्हणून विचारू, मग काय ते बाहेर येईल, असा तिचा हिशोब.

"शेळीला कशाला? म्हशींलाच घाला की."

"शेळीला चालत न्हाई का?"

"चालत न्हाई कसं?" दैवशाला मध्येच म्हणाली. "माझी शेळी काय बी खाती. दे वहिनी."

मिथुननं टेम्पोच्या टायरकडं पाहिलं. "घे मंग," म्हणाला. वाटेत कुठं तरी टाकून देऊ, असं त्याच्या मनात असणार. पण दैवशालानं ट्रे मांडीवरून खाली ठेवला नाही, आणि घरी तो टेम्पो लावत होता तेवढ्यात तिनं शेळीपुढं चारा टाकलासुद्धा.

सकाळी तिचाच फोन आला. "वहिनी, म्हशींला ते घालू नको. शेळी गेली. डॉक्टर म्हणले, बियाला औषध लावलेलं असतंय, धुऊन जात न्हाई. कंपनीनं ह्यांला ती पोती नष्ट करायला पैसे देल्ते, आत्ता कबूल झाले. तू घातलं न्हाईस ना?"

"न्हाई," पुष्पाबाई म्हणाली. आपल्याला आधीच शंका होती, हे काही तिच्या तोंडून निघालं नाही.

कचरूच्या म्हशी वाचल्या, वर बहिणीचा जीव आपल्यावर केवढा, हे त्याला गावभर सांगता आलं. पुष्पाबाईचा संशय खरा ठरला. मिथुनला त्याचे पैसे आधीच मिळालेले, ते कोणी परत मागितले नाहीत. भरलं ते दैवशालानं: शिवणकामाच्या पैशातून घेतलेली दुभती शेळी, आणि आता बाटलीनं पाजायची दोन करडं.