तिचं फंक्शन पाडण्यासाठी दहा चाचण्या

चाचणी १. दोन रिकाम्या नोंदी. हवं ते उत्तर: समान. तिचं उत्तर: समान.

ती म्हणजे माझी धाकटी जाऊ. घर एक होतंच, आता ऑफिसही एक. शेजारची खुर्ची.

आम्ही बनवलेला दवाखान्याचा फॉर्म काही न बदलताही विचारायचा, "बदल जतन करायचे?" कारण जावास्क्रिप्टचं === नोंदीच्या आत डोकावतच नाही; वस्तू तीच आहे का, एवढंच बघतं. आत शिरून तुलना करणारं फंक्शन हवं होतं. एक मी लिहिलं, एक तिने. साहेब एकच ठेवणार, आणि जिचं राहील तिच्याकडे नवी टीम.

माझं दोन ओळींचं: JSON.stringify ने दोन्ही नोंदींचा मजकूर करायचा आणि मजकूर जुळवायचा. तिचं एकेक कप्पा उघडत खोल खोल जाणारं. देखणं. मेलं वाचतानाच झोंबलं.

चाचणी २ ते ८. कप्प्यांचा क्रम उलटा. तारखा. यादीत यादी. तिचं: पास, पास, पास, पास…
माझं? चालवलंच नाही.

चाचणी ९. वजन दोन्हीकडे NaN, म्हणजे आकडाच न झालेला आकडा. तो स्वतःशीही जुळत नाही.
तिचं: वेगळं.
पडलं!
हे मात्र माझ्यावर चालवलं. समान.

मीटिंग.
"अगं बाई! माझ्या डोक्यातच आलं नाही. ताई, तुम्ही कसं हो धरलंत?"
"अनुभव."
"मग यांचंच ठेवू," साहेब म्हणाले.
"ठेवा की. पण ताई, तुमचं NaN चं नेमकं काय करतं?"
टोमणा नव्हता. तेच तर सहन होईना.
"null करतं," मी म्हणाले.

null म्हणजे वजन घेतलंच नाही. तिच्या कपाळावर आठी आली. कळलं तिला. तिने माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली उघडली. 

मला सांभाळून घेत होती! हिच्या मेहेरबानीवर टीम? मेले तरी नाही.

चाचणी १०, मोठ्या पडद्यावर, माझ्याच हाताने. एकीकडे NaN, दुसरीकडे null. हवं ते उत्तर: वेगळं. माझं: समान. लाल.

"तिचं ठेवा," मी म्हणाले. "एका ओळीत === काढून Object.is घालायचं, ते NaN ला NaN शी जुळवतं. ती ओळ मी लिहिणार."

सेहेचाळीस ओळी तिच्या, चौदावी माझी. त्या ओळीपुढे लिहिणारी म्हणून माझंच नाव आहे ना, हे मी रोज उघडून बघते.