सुकन्याचा फ्रॉक

धुळाजीनं जन्मभर मेंढरंच राखली, त्यामुळं माणसांचा हिशेबही तो मेंढरांवरूनच मांडायचा. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं काढून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचं. मेंढी वास घेते आणि आपलंच समजून पाजते. मागच्या थंडीत त्याची लेक सुकन्या तापानं गेली. बायको रतनबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तोंडातून शब्द नाही. मग धुळाजीनं आपल्या वारलेल्या बहिणीची चार वर्षांची स्वप्नाली धारूरच्या डोंगराकडच्या वस्तीवर आणली, सुकन्याचा पिवळा फ्रॉक तिला चढवला आणि हाकही सुकन्या म्हणूनच मारली. रतनबाईनं झडप घालून पोर कवटाळली.

पण पोर कसली, वैताग नुसता! जेव म्हटलं की ताट उपडं. ये म्हटलं की दात विचकून लांब. एकदा रतनबाईनं चापट मारली, तर रडलीसुद्धा नाही. रिकाम्या कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "बग, मला मारलं."

"कुनाला सांगतीस?"

"जिचं ताट हाय, तिला."

त्या दिवसापासून पोर कोपऱ्याला वळसा घालून चालायची, तिथं कोणी बसलेलं असावं तशी. कुत्रंही तिकडं फिरकेना.

"न्हाई लागत हे कोकरू," धुळाजी म्हणाला. "उद्या बापाकडं सोडून येतो."

तसं सांगायला रतनबाई पोर जायची त्या अंगणवाडीत गेली, तर तिथल्या वत्सलाबाई चाटच पडल्या. "कावून धाडता? हितं तर लई गुनाची हाय. स्वप्नाली म्हनलं की पळत येती."

रतनबाई पोरीला घेऊन वाटेला लागली. कातडं चार दिवसांत काढावं लागतं, नाहीतर ते कोकराच्या अंगावरच कुजतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते काढायला तिचा हात धजला नव्हता. काढलं की सुकन्या खरोखर मेली असती.

घरी येऊन तिनं पोरीला पुढ्यात घेतलं. "स्वप्नाली, हात वर कर."

पोरीनं मुकाट्यानं हात वर केले. फ्रॉक निघाला. बाहेर वारा नव्हता, तरी दाराचं फळकूट हळूच उघडलं आणि मिटलं.

"गेली ती," पोर म्हणाली.

रतनबाईनं हंबरडा फोडला, लेक गेल्यापासून पहिल्यांदा. मग उघडी पोर ओढून तिच्या टाळूवर नाक टेकलं. वास परका होता. मेंढीनं लाथ मारली असती. रतनबाईनं मिठी आणखी घट्ट केली.