नुसता कोढ

माझं जमनाबाईशी लग्न झालं ते साल १९५८. त्या लग्नात हळद लावताना माझी बहीण जसोदा हिच्या दंडावरचा फिकट डाग पहिल्यांदा बायकांच्या नजरेस पडला. शेजारची धनुबाई मायला म्हणाली, "पोरना आंगवर हाई काय शे वं? झाकी ठेव, नही ते सोयरीक मोडी जाई." जसोदा सतरा वर्षांची होती. रतिलालशी तिची सोयरीक नुकतीच ठरली होती.

आम्ही तापीकाठचे गुजर. घरात आमची गुजरी बोली, गावात अहिराणी. आमच्यात अंगावरच्या पांढऱ्या डागांना कोढ म्हणतात, आणि ज्यात बोटं झडतात त्याला रक्तपित्त. कोढाची लाज वाटते, रक्तपित्ताची भीती. कोढ असलेली सून नांदते. रक्तपित्त झालेल्याला गावाबाहेर झोपडी मिळते. जसोदाचा डाग यांतला कोणता, एवढं एकच मायला कळायला हवं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर शाळेत एक डॉक्टर आले. कातडीवरचे डाग तपासून कोणता डाग कशाचा, हे लवकर कसं ओळखावं, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. ते मद्रासकडचे, इंग्रजीच बोलायचे. बरोबरचा मदतनीस बऱ्हाणपूरचा, तो हिंदी बोलायचा.

त्यांनी जसोदाला बाकावर बसवून डोळे मिटायला सांगितलं. कापसाची बारीक वात अंगाला लागली की तिथे बोट ठेवायचं. मनगटावर लागली, तिने बोट ठेवलं. मानेवर लागली, ठेवलं. मग डॉक्टरांनी ती वात डागावर टेकवली. एकदा, दोनदा, तीनदा. जसोदा डोळे मिटून तशीच बसून. शेवटी कंटाळून मला म्हणाली, "भाऊ, हे पुढचं कधी करणार? मला घरी भाकरी टाकायच्यात."

आम्ही सगळे हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिच्या कानाची पाळी जराशी चिरली, आलेला रस काचेवर पुसला आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मदतनिसाने हातात एक इंग्रजी कागद दिला. म्हणाला, "कोढ़ है. अभी शुरू का है, अच्छा हो जाएगा. हर महीने नंदुरबार आके गोली ले जाना. छोड़ना नहीं."

वडील, रूपचंद, पुढे सरकले. "साहेब, रक्तपित्त तर नाही ना?"

"नहीं काका, रक्तपित्त कहाँ? उसमें तो नाक से खून आता है. इसको कोढ़ है."

वडिलांनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. वडिलांनी त्याला हात जोडले. घरी येताना धनुबाईच्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाले, "नुसता कोढ शे."

"मंग पेढा दे ना, पाटील. गूळवर काय भागाडस?"

गोळ्या आणल्याच नाहीत. कोढाला कोणी गोळ्या खातं का? माय बावचीचं तेल डागावर लावून तिला उन्हात बसवायची. एकदा तिथे मोठा फोड आला, तरी जसोदा हू की चू करेना. माय सगळ्यांना सांगायची, "पोर फार सोशीक."

वडिलांनी रतिलालच्या बापाला लपवलं नाही. पोरीला कोढ आहे, म्हणून सरळ सांगितलं. त्यांनी विचार केला आणि पुढच्या वर्षी लग्न लावून नेली.

१९६२ साली तेच डॉक्टर दुसऱ्या फेरीला आले. जसोदा माहेरी होती. तिची दोन बोटं आत वळली होती आणि तव्याने भाजलेल्याची खूण हातावर होती. या खेपेचा मदतनीस मराठी बोलणारा होता. त्याने जुनी वही उघडली.

"जसोदाबाई रूपचंद. महारोग. एकदाही गोळ्या नेल्या नाहीत. का?"

"महारोग नाही," वडील म्हणाले. "आम्हाला कोढ सांगितला होता."

"तेच ते. हिंदीत महारोगालाच कोढ म्हणतात."

"आणि रक्तपित्त?"

"घोळणा फुटतो ना, त्याला म्हणतात."

वडील म्हणाले, "मी दोनदा विचारलं होतं."

मदतनिसाने ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. मला तेव्हा मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं; चाळिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात शिकलो. इंग्रजी आजही येत नाही. काय लिहिलं, ते मला ठाऊक नाही.

त्या महिन्यापासून गोळ्या सुरू झाल्या. मीच तिला नंदुरबारला न्यायचो. रोग पुढे सरकला नाही, पण वळलेली बोटं सरळ झाली नाहीत आणि पायांची गेलेली जाण परत आली नाही. रतिलाल न्यायला आला नाही. त्याचा भाऊ निरोप घेऊन आला, "तुम्ही कोढ सांगितला होता." आम्ही तोच सांगितला होता. तिची वर्षाची मुलगी सासरी होती, ती तिथेच राहिली. एकदा गाडीत जसोदाने मला विचारलं, "पोर आता बोलत असेल ना?" मी म्हटलं, असेल.

१९६६च्या उन्हाळ्यात शेतात तिच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. तिला कळलं नाही. चार दिवस ती त्याच पायाने चालली. पाय मांडीपर्यंत सुजला, तेव्हा आम्ही तिला गाडीत घातलं.

माझी बहीण जसोदाबाई १९ मे १९६६ रोजी सकाळी नंदुरबारला दवाखान्यात वारली. ती पंचवीस वर्षांची होती. वडील रूपचंद १९६८च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी वारले.