खालचे सात थर

पठाणपुऱ्यातल्या आमच्या राजाच्या काळच्या, पायऱ्यांच्या बावडीच्या दुरुस्तीला माणसं आली तेव्हा मीच त्यांना चहा पाजला. आता सांगायलाही लाज वाटते.

बावडीच्या वरच्या दगडांत चुना आहे. खालच्या सात थरांच्या सांध्यांत बांधणाऱ्यांनी मुद्दामच काही भरलेलं नाही, कारण पाणी तिथूनच येतं. दर वैशाखात पाणी उतरलं की आमचे मालक लोखंडी आकडी घेऊन खाली जायचे आणि सांध्यांतला गाळ, पिंपळाची मुळं ओढून काढायचे. मी वरून टोपली खेचायची. चाळीस वर्षं केलं आम्ही हे. ते गेले, मग कोणी उतरलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाहते तर गवंडी त्याच सांध्यांत सिमेंट भरत होता. मी ओरडले तसा सुपरवायझर राजदीप वर आला.

"आजी, भेगा बुजवून राह्यलो. भिंत कवा पडन, भरोसा नाई."

"त्या भेगा नाई बाबू, झरे आहेत. पानी येते तिथून."

"नकाशात तसं नाई."

"नकाशा काढनारा खाली उतरला होता का?"

खाली गवंडी फिसकन हसला. राजदीप म्हणाला, "तुमी काय राजाच्या जमान्यात होत्या का?"

"राजाच्या नाई. पन तुया नळाच्या पयलेपासून आहो."

"मले वरून ऑर्डर आहे. साहेबाले सांगा."

अर्ज घेऊन साहेबांच्या ऑफिसात तीनदा गेले. एकदा साहेब जेवायला गेले होते, एकदा मीटिंग होती. तिसऱ्यांदा अर्जावर शिक्का मिळाला. तोवर काम संपून रंगीत दिवेही लागले होते.

उद्घाटन मे महिन्यात ठरलं. दुष्काळातही जिथे बादली बुडायची, तिथे ओंजळभर पाणी नव्हतं. त्याच सकाळी टँकर आणून ओतले.

जलपूजनाचा मान आमच्याकडे गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा. राजदीपनं ताट माझ्या हातात दिलं. मी पायऱ्यांकडे वळलेच नाही. रस्त्यावर उभ्या टँकरपाशी गेले, नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

"आजी, काय करून राह्यल्या? साहेब पाहून राह्यले!"

"पानी जिथून आलं, तिथी पूजा करून राह्यली."

लोक हसले. फोटो निघाले. सांधा मात्र एकही मोकळा झाला नाही. आठ दिवसांत पाणी हिरवं पडलं.

परवा राजदीपला फोन लावला. तो आता अहेरीकडे एका जुन्या विहिरीवर आहे म्हणे.

"बाबू, तिथी तरी खालच्या थरात काई भरू नको."

"पाह्यतो आजी," तो म्हणाला. "ऑर्डर काय येते ते."