चौथी बाटली

चौथी बाटली उचलताच प्रयोगशाळेच्या परिचराचा हात थबकला. ही जागा सौम्य आम्लाची. पण आतला द्रव तेलासारखा संथ हलला, आणि बाटली जवळपास दुप्पट जड लागली.

त्या अवाढव्य सरकारी शाळेला शंभर वर्षे पूर्ण होत होती. दोन हजार मुलांच्या तिन्ही इमारतींना समारंभासाठी रंग दिला होता, आणि रंगाऱ्यांनी कपाटे रिकामी करून हाताला येईल तशी पुन्हा भरली होती. एरवी त्यात काही बिघडले नसते. परंतु हा माणूस तीन वर्षे लेबले वाचतच नव्हता. डोळ्यांपुढे धुके होते. बाटल्यांच्या जागा मात्र तोंडपाठ होत्या. त्या भरवशावर आज सकाळी त्याने तीन बाटल्यांतून वीस टेबलांवरच्या कुप्या भरल्या होत्या. कशाने, देव जाणे.

बाहेर नववीची रांग आली. तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"मामा, उघडा की. डुलकी लागली काय?" रांगेतून कुणीतरी ओरडले. हशा पिकला.

गोष्ट फुटली तर नोकरी गेलीच. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. कुप्या गुपचूप ओतून द्याव्यात, तर पुन्हा भरायच्या कशातून?

विज्ञानाच्या बाईंनी दार ठोठावले; तो जरा सरकला, तशा त्या आत डोकावल्या. त्याही याच खोलीत शिकलेल्या.

"मामा, तास चाललाय ना."

"मुलांना आत घेऊ नका, बाई."

"अहो, पण का?"

"मला लेबलं दिसत नाहीत. तीन वर्षं झाली. कुप्यांत काय भरलंय, मला ठाऊक नाही."

बाईंचा चेहरा त्याला दिसला नाही. अडखळलेला श्वास तेवढा ऐकू आला.

"तीन वर्षं तुमच्या विश्वासावर मी मुलं आत सोडतेय, मामा."

मुलांना बाईंनी व्हरांड्यात बसवले, हातमोजे चढवले आणि एकेक कुपी जपून रिकामी केली. मग त्या कपाटातल्या बाटल्यांची लेबले वाचू लागल्या, आणि तो जागा सांगू लागला.

"सल्फ्युरिक, तीव्र."

"वरचा कप्पा, डावीकडून दुसरी."

"अमोनिया."

"खिडकीजवळ, खाली."

त्रेचाळीस बाटल्या झाल्या. एकही जागा चुकली नाही.

जोडतासातला अर्धा तास उरला असताना वर्ग आत आला. कुप्या बाईंनी स्वतः भरल्या. तो सवयीने पाणी आणायला वळला.

"बसा, मामा," बाई हळूच म्हणाल्या.

शेवटच्या बाकावर, दोन मुलींच्या शेजारी, तो बसला. एकतीस वर्षांत त्या खोलीत तो कधी बसला नव्हता. हात कुठे ठेवावेत, हे त्याला कळेना.