न धुतलेला तुकडा

माझ्या नवऱ्याला घाण सहन होत नाही, आणि मी लाँड्री चालवते. म्हणजे दिवसभर दुकानात लोकांचे डाग काढायचे आणि रात्री एकही डाग नसलेल्या घरात झोपायचं. बायका म्हणतात, नशीब काढलंस. त्यांनी एकदा आमच्याकडे चहा पिऊन बघावा. शेवटचा घोट घशात असतो तोवर कप विसळून पालथा पडलेला असतो. शेजाऱ्यांची शिडी आणली तर परत जाताना ती पुसून, बिजागऱ्यांना तेल घालून जाते. शेजारी आता मुद्दाम गंजलेल्या वस्तू आम्हाला उसन्या देतात, हे अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही. "दुसऱ्याची वस्तू घेतली त्याहून बरी करून द्यावी," असं सासूबाई म्हणायच्या. सासूबाई गेल्या, वाक्य मागे ठेवून गेल्या.

एवढं सांगायचं कारण, या सवयीपायी तो स्वतःच्या तोंडाने स्वतःला गुन्हेगार ठरवायला निघाला होता.

नवरा एका मोठ्या रोपवाटिकेत ट्रॅक्टर चालवतो. छोटा ट्रॅक्टर, झाडांच्या ओळींमधून सहज जाणारा. त्याला पुढे लोडरची बादली, तिने माती, खत, कुंड्या उचलायच्या. असे दोन निळे ट्रॅक्टर तिथे आहेत, एकाच दिवशी एकाच शोरूममधून आलेले. एक हा चालवतो, दुसरा याची धाकटी बहीण. तिला घरात सगळे बारकी म्हणतात. उंचीला ती आमच्यात सगळ्यांत जास्त आहे, पण नाव एकदा पडलं की पडलं.

त्या दिवशी हा ओल्या मातीची बादली घेऊन सपाट अंगणातून येत होता आणि ट्रॅक्टर मोडला. मोडला म्हणजे बंद नाही पडला, त्याचे दोन तुकडे झाले. अशा ट्रॅक्टरला खालून आधाराची वेगळी चौकट नसते हे मला तेव्हा कळलं. पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स, आणि दोघांना जोडणारं ओतीव लोखंडाचं एक पोकळ भांडं. त्याला क्लच हाउसिंग म्हणतात. ट्रॅक्टरचा कणा म्हणजे ते भांडंच, आणि तेच फुटलं. पुढचा भाग नाकावर बसला, नवऱ्याचा पाय मध्ये सापडला आणि हाउसिंगचा बशीएवढा टवका उडून त्याच्या नडगीवर आदळला.

मी धावत पोहोचले तेव्हा त्याला गाडीत घालत होते. तो पाय बघितला आणि माझं डोकंच फिरलं. तो टवका तिथेच पडला होता, तेलाने माखलेला, काळाकुट्ट. मी तो उचलून पिशवीत टाकला. पुरावाबिरावा काही मनात नव्हतं. ज्याने हा ट्रॅक्टर विकला त्याच्या टाळक्यात तो घालायचा, एवढंच मनात होतं.

तशी संधी लवकरच आली. नवरा पायाला प्लास्टर घालून घरी आला आणि पाठोपाठ शोरूमवाला फळं घेऊन आला. खुर्चीच्या टोकावर बसला, चुकचुकला, मग मुद्द्यावर आला.

"दादा, माती ओली होती ना? ओली माती केवढी जड असते. बादली शिगोशीग भरली असणार तुम्ही."

"नेहमीएवढीच भरली होती," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्ही कुठे तिथे होता? ट्रॅक्टर दणकट आहे हो आमचा. आता काय, नाचता येईना अंगण वाकडं, असं नको ना व्हायला."

मी उठणारच होते. पिशवी दाराच्या मागेच होती. पण नवरा हळू आवाजात म्हणाला, "भरली असेल मी जास्त. आठवत नाही नीट. पण माझ्याच हातात मोडला ना तो."

शोरूमवाल्याला एवढंच हवं होतं. विम्याच्या सर्व्हेअरबाई येणार होत्या. त्यांच्यासमोर यानेच सांगायचं की बादली जास्त भरली, म्हणजे प्रकरण तिथल्या तिथे मिटेल. रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी तर आधीच सांगितलं होतं की माणसाच्या हातून चूक होते, कामावरून काही काढणार नाही. झालं, सगळे खूश. फक्त माझा नवरा जन्मभर मान खाली घालून फिरणार, आणि बारकी तसल्याच ट्रॅक्टरवर रोज बसणार.

"बारकीचं काय?" तो गेल्यावर मी विचारलं.

"ती माझ्यासारखी नाही. ती बेताने भरते."

"अहो, तुम्ही दाढीचं पाणीसुद्धा मापाने घेता! तुम्ही बादली सांडेपर्यंत भरणार?"

तो खरंच स्वतःला दोषी समजत होता. पाय मोडल्याचं मला वाईट वाटलं होतं, पण त्याचा तो पडलेला चेहरा बघून मला जास्त लागलं. त्याच क्षणी मी ठरवलं की हे शब्द मी त्याच्या तोंडून बाहेर पडू देणार नाही.

ठरवणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून घरी आले तर नवरा गायब! बारकीला मस्का लावून तिच्याबरोबर रोपवाटिकेत गेला होता. मी तिथे जाऊन बघते तर हा स्टुलावर बसलेला, प्लास्टरचा पाय खोक्यावर ठेवलेला, एका हातात तारेचा ब्रश, शेजारी डिझेलचा डबा. ट्रॅक्टरचे दोन्ही अर्धे तुकडे समोर, आणि त्यांच्या तुटलेल्या कडा चांदीच्या भांड्यासारख्या लखलखत होत्या.

"हे काय केलंत?"

"सर्व्हेअरबाई येणार ना बघायला. असं मळकं कसं दाखवायचं?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभाचा पाय मोडला होता. मी चिडले, ओरडले, बारकीलाही बोलले. "वहिनी, मला काय माहीत, मी आपली कुंड्या भरत होते," ती म्हणाली. नवरा मात्र शांतपणे म्हणाला, "आणि तो एक टवका तू उचललास म्हणे. दे, तोही धुऊन टाकतो. त्यांची वस्तू त्यांना पूर्ण जायला हवी."

"फेकला मी तो," मी म्हणाले. धादांत खोटं.

टवका मी आदल्या रात्रीच दिव्याखाली धरून बघितला होता. मला लोखंडातलं काही कळत नाही. पण लाँड्रीत मी एक शिकलेय, डाग कशाचा ते कळल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही. चहाचा असेल तर एक उपाय, रक्ताचा असेल तर दुसरा, आणि एकदा चुकीचं पाणी लागलं की मग कोणालाच सांगता येत नाही तो कशाचा होता. त्या टवक्याची तुटलेली कड थोडी राखाडी होती, बरीचशी काळी होती आणि एका जागी पिवळसर होती. हे डाग कशाचे, ते मला माहीत नव्हतं. म्हणूनच ते धुवायचे नव्हते. मी टवका दुकानात नेला आणि मळक्या चादरींच्या गाठोड्यात खोल खुपसून ठेवला. त्या गाठोड्याकडे नवरा कधी बघतसुद्धा नाही, त्याला मळमळतं.

सर्व्हेअरबाई आल्या त्या सकाळी मी दुकान बंद ठेवलं आणि पिशवी खांद्याला लावून नवऱ्याबरोबर गेले. शोरूमवाला आधीच हजर होता. तुकडे उचलून न्यायला ट्रकही आणला होता. मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या. सर्व्हेअरबाई मध्यम वयाच्या, पायात मोठे बूट, बोलणं मोजकं. त्या तुटलेल्या कडांजवळ वाकल्या, बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोणी घासलं हे?"

"मी," नवऱ्याने हात वर केला. "डिझेलने. आधी ब्रशने."

"छान घासलंय," बाई म्हणाल्या. "आता यातून मला काही सांगता येणार नाही. लोखंड कसं तुटलं ते या कडांवर दिसतं, आणि तुम्ही त्या पुसून टाकल्या."

शोरूमवाला त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. नवऱ्याने मला कळेल एवढा दीर्घ श्वास घेतला. मला ठाऊक होतं आता तो काय बोलणार.

"बाई, माझीच—"

"थांबा!" मी म्हणाले. माझा आवाज अंगणाच्या पलीकडे गेला असावा, कारण ट्रकवाल्याने विडी खाली टाकली. मी पिशवीतून चादरीत गुंडाळलेला टवका काढून बाईंच्या हातात दिला. "हा धुतलेला नाही."

नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरात उकिरडा लपवून ठेवला होता. "फेकला म्हणालीस ना?"

"म्हणाले. खोटं बोलले. नंतर भांडा."

"हा याच ट्रॅक्टरचा कशावरून?" शोरूमवाला पुढे आला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? लावून बघा," मी म्हणाले. बाईंनी टवका हाउसिंगच्या खिंडाराला लावला. ब्रशने कड जराशी झिजली होती, तरी तो आपल्या जागी बरोबर बसला.

मग त्यांनी तो उन्हात धरला आणि बराच वेळ फिरवून बघितला. माझं चुकलं असतं तर नवऱ्याला त्या शोरूमवाल्याच्या पायाशी मीच नेऊन बसवलं असतं.

"इकडे या," त्यांनी नवऱ्याला बोलावलं, दुसऱ्या कोणाला नाही. "ही राखाडी, दाणेदार कड दिसतेय? एवढीच त्या दिवशी तुटली. बोटभर. हे काळं आहे ना, हे आधीपासून फुटलेलं होतं, आत तेल झिरपून झिरपून काळं झालंय. आणि हे पिवळं." त्यांनी ट्रॅक्टरच्या बाहेरचा निळा रंग किल्लीने खरवडला. खालून तसाच पिवळा निघाला. "हा पहिला हात. भांडं ओतून झालं की आधी हा देतात, मग जोडणी, मग निळा. हा पिवळा भेगेच्या आत गेलाय. म्हणजे भेग आधीची, रंग नंतरचा. हा ट्रॅक्टर तडा घेऊनच जन्माला आला."

"यांनीच घरी दिला असेल रंग," शोरूमवाला म्हणाला. "एवढी हौस आहे सफाईची!"

"अख्खा ट्रॅक्टर उघडून? भेगेच्या आतून?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे मी नाही?" नवरा म्हणाला.

"बादली भरलेली असो की अर्धी, हे कधी ना कधी तुटणारच होतं."

त्याने कुबडीवर कपाळ टेकवलं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदम. पण त्याने लगेच मान वर केली. रोपांच्या ओळींपलीकडून दुसऱ्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"बारकी," तो म्हणाला.

प्लास्टरचा पाय असलेला माणूस एवढा वेगाने जाऊ शकतो हे मी तेव्हा बघितलं. बारकी भरलेली बादली उंच धरून उतारावरून येत होती, गुणगुणत. हा वाटेच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने कुबडी आडवी धरली.

"बादली खाली घे. हळू. आता उतर."

"दादा, ही एवढी खेप टाकते आणि—"

"उतर म्हणतो ना!"

तिच्यावर तो जन्मात ओरडला नसेल. ती मुकाट्याने उतरली.

"याला काय झालंय?" शोरूमवाला धापा टाकत मागून आला. "नवाकोरा दिसतोय."

"दिसणारच," नवरा म्हणाला. "रोज मी धुतो. दोन्ही एकाच माळेचे मणी आहेत, याचंही बघायला हवं. बाई, कसं बघायचं?"

सर्व्हेअरबाईंनी सांगितलं. हाउसिंगवरचा रंग काढायचा, रॉकेल लावायचं, जरा थांबून कोरडं पुसायचं, वर खडूची पूड पसरायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पूड ओली होते. "पण आधी ते अगदी स्वच्छ हवं," त्या म्हणाल्या. "तेलाचा एक थेंब राहिला तरी फसवेल. असं साफ करणारा माणूस मला सहसा मिळत नाही."

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "खरवडा."

तो पाठीवर झोपून ट्रॅक्टरखाली सरकला, प्लास्टरचा पाय बाहेर ठेवून. बारकी त्याच्या हातात एकेक वस्तू देत होती, तारेचा ब्रश, थिनर, फडकं, दुसरं फडकं. माझ्या पिशवीतली लाँड्रीची चादरही त्याने मागून घेतली आणि फाडली. आधी निळा गेला, मग पिवळा, मग उघडं लोखंड आलं. त्याने रॉकेल लावलं, पुसलं, पूड भुरभुरली. मग आम्ही थांबलो. शोरूमवाला सारखा घड्याळाकडे बघत होता.

पांढऱ्या पुडीवर आधी एक ठिपका ओलावला, मग त्याच्या शेजारी दुसरा. ठिपके जोडले जाऊन केसाएवढी रेघ झाली आणि ती वर चढत गेली, बारकीचे पाय असतात बरोबर त्या जागेकडे. बारकीने माझा दंड घट्ट पकडला.

नवऱ्याचा हात फडक्यासकट रेघेकडे गेला. या माणसाने आयुष्यात कुठल्याही वस्तूवर ओला ओघळ राहू दिलेला नाही. मी तोंड उघडणार होते, पण हात आपणहून थांबला. त्याने फडक्याची घडी केली आणि ते खिशात घातलं.

"हे कोणीही पुसायचं नाही," तो ट्रॅक्टरखालून म्हणाला. "आणि बाई, लिहून घ्या. बादली नेहमीएवढीच भरली होती मी."