आडवी वीट

“आत टाकलेला एक नकाशा बाहेर काढून दाखवा,” चारुलता म्हणाली.

लीलाधरनं लस्सीचा ग्लास काउंटरवर ठेवला. “मॅडम, एक बार अंदर आ गये, तो मग बाहेर कशाला जायचं?”

“असंच. दाखवा ना.”

“अभी डेमो है. पूरे व्हर्जनमध्ये सब मिलेगा.”

नीलेश मधे पडला नाही. हातातल्या उघड्या मोबाइलमध्ये तो चिमट्यानं काहीतरी शोधत होता. इतवारा बाजारातलं त्याचं मोबाइल-दुरुस्तीचं दुकान एवढं अरुंद होतं, की तिघं आत आले तर चौथं गिऱ्हाईक रस्त्यावरूनच बोलायचं.

‘भुयार’ हा चारुलता आणि नीलेशच्या शाळेच्या दिवसांतला कम्प्युटर गेम. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, पण खेळणाऱ्यांचा एक ग्रुप टिकून होता. त्यातूनच या दोघांनी ठरवलं होतं, की पुढचा भाग आपण करायचा आणि फुकट वाटायचा. नकाशे, म्हणजे गेममधल्या जागा कम्प्युटरवर विटेविटेनं रचणं, हे चारुलताचं काम; प्रोग्रामिंग नीलेशचं. भुयार त्यांनी आपल्या बुऱ्हाणपुरात आणलं होतं. जमिनीखालून वाहणारं पाणी आणि त्यावर ओळीनं बांधलेल्या विहिरी, ज्यांना इथे कुंड्या म्हणतात.

आता अडलं होतं इंजिनवर. चित्रं, आवाज, माणसांची चाल हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून गेम उभा राहतो, ते इंजिन. एक खुलं होतं, त्यावर कुणाची मालकी नव्हती. पण त्यात पाण्याची लाटसुद्धा स्वतः घडवावी लागे. दुसरं लीलाधरच्या कंपनीचं. त्यात पाणी, सावल्या, कंदिलाचा उजेड सगळं तयार मिळत होतं. फक्त नकाशे त्यांच्या सर्व्हरवर ठेवायचे होते.

लीलाधर गेल्यावर नीलेशनं विचारलं, “तू काय सोचून राहिली, ताई?”

“हा तुला भेटला कुठे?”

“ग्रुपवर. तो बी ‘भुयार’ खेळलेला आहे.”

“त्याला विचार, जुन्या गेममध्ये कंदील कोण देतं.”

“तू ना, पोलिसात पाहिजे होती.”

चारुलता हसली नाही. “माझे नकाशे तुझ्या कम्प्युटरवर आहेत ना?”

“हो. बॅकअप. तूच दिला होता.” चिमटा खाली ठेवून तो म्हणाला, “तू हो नको म्हणू, नाही बी नको म्हणू. मी पाहतो, मग सांगतो.”

काय पाहणार, ते त्यानं सांगितलं नाही. बसमध्ये बसल्यावर तिला तेच आठवत राहिलं.

ती पेपर मिलच्या लॅबमध्ये होती. वडील जळगावकडून याच मिलमध्ये नोकरीला आले होते. ती केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून कागदाची जाडी आणि ओल मोजू लागली. रिळाचे वरचे थर फाडून टाकायचे आणि मगच नमुना घ्यायचा, ही तिथली पहिली शिकवण. वरचा कागद हवा खातो. तो रिळाबद्दल खरं सांगत नाही.

दुसऱ्या एका मिलचा कागद तिनं एकदा उजेडाला धरला होता आणि आतला वॉटरमार्क दिसला होता. तेव्हापासून आपल्या प्रत्येक कुंडीत ती एक खूण ठेवायची. काठाच्या साऱ्या विटा उभ्या बसवलेल्या, त्यात एकच वीट आडवी. कुणी नकाशा चोरला तर ओळखता यावा म्हणून. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नीलेशलाही नाही.

आठवड्याभरानं, जेवणाच्या सुट्टीत, ग्रुपवर लीलाधरचा व्हिडिओ आला. ‘देखो, भुयार हमारे इंजिनमध्ये.’ खाली काळं पाणी, वर गोल कुंडी, काठावर कंदील.

शेजारी डबा खाणाऱ्या कवितानं डोकावून पाहिलं. “अगं, ही तुझीच विहीर ना? घरी दाखवली होतीस.”

चारुलतानं डबा तसाच झाकला आणि बाहेर येऊन फोन लावला.

“ताई, आत्ता फोनवर नको,” नीलेश हळू आवाजात म्हणाला. “तू दुकानावर ये.”

“का? बाजूला कोणी आहे?”

“ये ना तू.”

“दिलेस ना त्याला माझे नकाशे? काय मिळालं तुला?”

पलीकडे कुणीतरी हसून बोलत होतं. आवाज लीलाधरचा होता.

“तुला असं वाटते?” नीलेश म्हणाला.

“जे दिसतंय ते बोलतेय.”

“बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी तिनं तोच व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. ग्रुपसमोर पुरावा ठेवायचा होता. एकेक चित्र थांबवून ती काठाच्या विटा पाहू लागली. आडवी वीट नव्हती. पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. नव्हती. मग बाकीचं दिसायला लागलं. काठ एका बाजूला कलला होता. पोहऱ्याचा दोर कप्पीवरून न येता सरळ दगडातून आरपार गेला होता. पायऱ्या इतक्या उंच, की त्यांवर माणसाला उड्याच माराव्या लागल्या असत्या. नकाशे करण्याची सवय नसलेल्या माणसानं, तिची कुंडी आठवून आठवून, केलेलं काम होतं ते.

सुट्टीच्या दिवशी ती दुकानात गेली. नीलेशनं स्टूल पुढे सरकवलं.

“ती कुंडी तू केलीस?”

“मग? एवढी वाकडी दुसरं कोण करेल?”

“मला सांगितलं का नाहीस?”

“झालं की सांगणार होतो. तुझा फोन आला तेव्हा तो इथेच बसलेला, या स्टुलावर.” त्यानं मोबाइलवर फुंकर मारली. “तू बोलली होती ना, बाहेर काढून दाखवा. तुझं टाकून कसं पाहणार? म्हणून माझं बनवलं, टाकलं. बाहेर निघत नाही, ताई. डिलीट बी होत नाही. माझी कुंडी अटकली तिकडे. तू खुलं इंजिनच घे.”

“मोबाइलवर लहान दिसलं मला. म्हणून मी...”

“हो. लहान दिसते.”

त्यानं ड्रॉवरमधून एक पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला. “हे तुझे नकाशे. माझ्याकडची कॉपी काढून टाकली. प्रोग्रामिंगचं पण यातच आहे, जेवढं झालं तेवढं.”

“नीलेश, मी रागात बोलले.”

“नाही ताई. तू सोचल्याशिवाय बोलत नाही.” तो हे चिडून म्हणाला नाही. बाहेर एक बाई फुटलेला मोबाइल घेऊन उभी होती. “या मावशी, दाखवा,” म्हणत त्यानं हात पुढे केला. चारुलताला उठून तिला जागा द्यावी लागली.

खुल्या इंजिनमध्ये तिचे सगळे नकाशे नीट उघडले. पाणी तिला स्वतः शिकून करावं लागलं; ते बरेच दिवस शिळ्या खळीसारखं दिसत होतं. मग वाहायला लागलं.

त्यानंतर व्हिडिओ शेजारी लावून तिनं नीलेशची कुंडी बांधायला घेतली. कललेला काठ तसाच ठेवला. दोर दगडातून तसाच आरपार नेला. पायऱ्या उंचच ठेवल्या आणि खेळणाऱ्याला कंदील मिळेल तो तिथेच, असं केलं, म्हणजे ती कुंडी चुकवून कुणाला पुढे जाता येणार नव्हतं.

काठाच्या विटा तिनं शेवटी बसवल्या. सगळ्या उभ्या.